वहीतली गहाळ पाने

जर्मन संगीतकार फॅनी मेंडेल्सोनच्या 1829 सालच्या डायरीत ‘माझा ईस्टर सोनाटा’ असा एक उल्लेख सापडतो. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. सोनाटा आदल्या वर्षीचा, पियानोसाठी लिहिलेला. अडचण एवढीच की तिच्या कागदपत्रांत तो कुठेच नव्हता. जवळपास दीडशे वर्षे उलटली, गाणी सापडली, पियानोच्या छोट्या रचना सापडल्या, पण ईस्टर सोनाटा नाही. अभ्यासकांनी तो हरवलेल्यांच्या यादीत टाकला.

1970 मध्ये पॅरिसमध्ये एका संग्राहकाच्या हाती पियानो सोनाट्याचे एक जुने हस्तलिखित लागले. नाव ‘ईस्टर सोनाटा’, आणि रचनाकाराच्या जागी आद्याक्षर आणि आडनाव: ‘एफ. मेंडेल्सोन’. एफ म्हणजे फेलिक्स, फॅनीचा प्रसिद्ध संगीतकार भाऊ, दुसरे कोण असणार! दोनच वर्षांनी, 1972 मध्ये, फ्रेंच पियानोवादक एरिक हाइडसिएक यांनी तो वाजवला आणि फेलिक्स मेंडेल्सोनची रचना म्हणून त्याची ध्वनिमुद्रिका निघाली.

एकाच घरात ‘एफ’ दोन होते, हे कुणालाच सुचले नसेल असे नाही. पण घरातला दुसरा ‘एफ’ असे काही रचू शकतो, हे मनात यायला आधी त्या घरात डोकावावे लागते.

फॅनीचा जन्म 1805 चा, फेलिक्सचा 1809 चा, दोघांचाही हँबर्गमध्ये. आजोबा मोझेस मेंडेल्सोन नामवंत तत्त्वज्ञ, वडील अब्राहम बँकर. भावंडे वाढली बर्लिनमध्ये आणि शिकली एकाच गुरूकडे, त्सेल्टरकडे. तेरा वर्षांच्या फॅनीने वडिलांना बाखची चोवीस प्रील्यूड्स पाठ वाजवून दाखवली होती. तयारी दोघांची सारखीच. वाटा मात्र वडिलांनी वेगळ्या करून दिल्या. 1820 मध्ये त्यांनी लेकीला पत्र लिहिले, त्याचा आशय असा: फेलिक्ससाठी संगीत कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी तो दागिनाच राहणार, आणि तसाच राहिला पाहिजे. ती तेव्हा पंधराचीसुद्धा नव्हती. मुलीला शिकवायला पैसा आणि गुरू उत्तमोत्तम द्यायचे आणि मग त्या विद्येला दाराबाहेर पाऊल टाकू द्यायचे नाही, हा प्रकार मला नुसत्या अडाणी विरोधापेक्षा जास्त क्रूर वाटतो.

फेलिक्सचे बहिणीवर प्रेम होते. तिला दाखवल्याशिवाय त्याची रचना पुरी व्हायची नाही. तरी तिने आपले संगीत छापावे, याला त्याने हातभार लावला नाही. 1837 मध्ये आईला लिहिलेल्या पत्रात त्याने ते स्पष्ट सांगितले: ती घरसंसारात रमलेली आहे, छपाईच्या फंदात पडून तिची घडी विस्कटेल. त्याआधीच तिची सहा गाणी त्याने आपल्या दोन गीतसंग्रहांत, आपल्याच नावाखाली, छापली होती. 1842 मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाने फेलिक्सचे आवडते गाणे म्हणून ‘इतालियन’ गायले, तेव्हा त्याला कबूल करावे लागले की ते फॅनीचे आहे. हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात संशोधकाला हवा असलेला सुगावा दिसतो. फॅनीची रचना फेलिक्सच्या नावावर खपते आणि इंग्लंडच्या राणीच्याही कानाला काही खटकत नाही, हे खुद्द फेलिक्सच्या तोंडून नोंदले गेले आहे.

आपल्याकडे बंदिशीच्या अंतऱ्यात रचनाकाराची मुद्रा गुंफलेली असते, गाणारा ती गाऊनच पुढे जातो. पाश्चात्त्य स्वरलेखनात नाव असते ते कागदाच्या माथ्यावर. म्हणजे वाद कागदाशीच सुरू होणार आणि कागदाशीच मिटणार.

तो मिटवला अँजेला मेस ख्रिश्चन यांनी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात त्या पीएच.डी. करत होत्या. मार्गदर्शक लॅरी टॉड, म्हणजे फेलिक्स आणि फॅनी या दोघांचेही चरित्रकार. फॅनीच्या डायरीतला ईस्टर सोनाटा आणि पॅरिसमधला ईस्टर सोनाटा एकच असावा, असा दाट संशय होता. पण संशयावर नाव बदलता येत नाही. ‘ही शैली फॅनीची वाटते’ म्हटले की समोरचा ‘मला फेलिक्सची वाटते’ म्हणणार. एकाच गुरूच्या हाताखाली, एकमेकांच्या वह्या वाचत घडलेली भावंडे ती. हस्तलिखित प्रत्यक्ष पाहणे भाग होते, आणि ते खासगी मालकीचे.

2010 मध्ये पॅरिसला जाऊन त्यांना ते पाहता आले. अक्षर फॅनीचे होते. दोन्ही भावंडांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे वाचलेल्या डोळ्यांना एवढे पुरते, पण त्याहून भक्कम गोष्ट निघाली ती पानांवरच्या क्रमांकांत. बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात फॅनीच्या हातची एक संगीताची वही जपलेली आहे. तिच्यातली काही पाने गहाळ आहेत, क्रमांकांत खंड पडतो. पॅरिसच्या पानांवरचे क्रमांक नेमके त्या खंडात बसले. सोनाटा त्या वहीतूनच निघालेला होता.

मेंडेल्सोन घराण्यावर ग्रंथांची रास पडली आहे. तरी हा प्रश्न सुटायला कुणीतरी बर्लिनच्या वहीतले आकडे ध्यानात ठेवून पॅरिसला जावे लागले. हे काम किती चिकाटीचे असते, ते अशा वह्या चाळणाऱ्यांनाच ठाऊक.

आता त्या पानांत काय आहे ते बघू. सोनाटा ए मेजरमधला, चार भागांचा. पहिला भाग शांत, प्रसन्न. दुसऱ्यात फ्यूग येतो: एक धून एका आवाजात सुरू होते, तीच दुसरा आवाज उचलतो, मग तिसरा, आणि सगळे एकमेकांत मिसळूनही वेगळे ऐकू येतात. बाख बोटांत मुरलेला असल्याशिवाय हे जमत नाही. तिसरा भाग हलका, खेळकर. आणि चौथ्यात अचानक गडगडाट. ख्रिस्ताने प्राण सोडला तेव्हा धरणीकंप झाला, मंदिराचा पडदा फाटला, ती बायबलमधली घटका इथे पियानोवर उभी राहते. डावा हात खोल स्वरांत घुमतो, वर स्वरांचा कल्लोळ उठतो, आणि त्या कल्लोळातून ‘ख्रिस्ता, देवाच्या कोकरा’ या जुन्या जर्मन प्रार्थनेची धून वर येते. ख्रिस्ताच्या मृत्यूच्याच कथेवरचे बाखचे ‘मॅथ्यू पॅशन’ विस्मरणातून बाहेर काढून फेलिक्सने बर्लिनमध्ये सादर केले ते मार्च 1829 मध्ये, आणि युरोपभर नाव झाले. त्याच विषयाला त्याच्या बहिणीने वर्षभर आधी पियानोवर हात घातला होता.

सप्टेंबर 2012 मध्ये ड्यूक विद्यापीठात अँड्रिया लाम यांनी हा सोनाटा फॅनीच्या नावाने पहिल्यांदा वाजवला. 8 मार्च 2017 रोजी, महिला दिनी, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सोफ्या गुल्याक यांनी तो सादर केला आणि बीबीसी रेडिओ 3 वरून तो घरोघरी पोचला. 1972 च्या ध्वनिमुद्रिकेतले स्वर तेच आहेत, तेव्हाही ती रचना चांगलीच ठरली होती.

फॅनीने हयातीत काहीच छापले नाही, असे समजू नये. चित्रकार विल्हेल्म हेन्सेलशी 1829 मध्ये तिचे लग्न झाले आणि या नवऱ्याने तिला रचना करत राहायचा, छापायचा आग्रह धरला. बर्लिनच्या घरी तिच्या रविवारच्या मैफली भरत. 1846 मध्ये तिने मनाचा हिय्या करून भावाला कळवले की आता मी छापणार. वडिलांची जशी चौदाव्या वर्षी धास्ती वाटे, तशी चाळिशीत भावांची वाटते, हेही तिने त्यातच लिहिले. ‘फॅनी हेन्सेल’ या नावाने गाण्यांचा पहिला संग्रह निघाला. पुढच्या वर्षी 14 मे रोजी, घरातल्या मैफलीसाठी फेलिक्सच्याच एका रचनेची तालीम घेताना तिला पक्षाघाताचा झटका आला आणि ती गेली. वय एक्केचाळीस. सहा महिन्यांच्या आत फेलिक्सही गेला.

मागे साडेचारशेहून जास्त रचना राहिल्या, बहुतेक हस्तलिखितांत. त्यांत ‘वर्ष’ नावाची पियानोमालिका आहे, 1841 ची, महिन्याला एक अशी बारा महिन्यांची. रंगीत कागदांवर तिने ती स्वच्छ उतरवली आणि हेन्सेलने चित्रे काढली. ती छापील रूपात आली 1989 मध्ये.