माहितीच्या फाइलपासून वापरण्याजोग्या प्रणालीकडे

रुग्णसेवेत औषधे व उपकरणे यांच्याइतकेच महत्त्व अचूक नोंदींना आहे. धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत तर ही जबाबदारी दुहेरी ठरते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. खाट कोणास व कधी दिली, याचा हिशेब चोख असेल तरच तिचा लाभ गरजूंपर्यंत पोहोचला हे सिद्ध होते.

अनेक ठिकाणी हा हिशेब मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये असतो. मात्र फाइल म्हणजे प्रणाली नव्हे. फाइल उघडताच समोर येतो तो रकान्यांचा उघडा तक्ता. त्यात कोणताही रकाना कोणीही बदलू शकतो. ॲक्सेसमध्ये एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताच बदल आपोआप साठवला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा या भागांत आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. तपासणी अहवालात ‘एएस’ म्हणजे वाहक व ‘एसएस’ म्हणजे पीडित. नवख्या कर्मचाऱ्याच्या बोटाखाली एक अक्षर बदलले, तर पीडित रुग्ण वाहक ठरेल व आवश्यक उपचारांपासून वंचित राहील.

म्हणून पहिली पायरी माहितीच्या विभागणीची. रुग्णाचे नाव, जन्मवर्ष, गाव ही माहिती एका तक्त्यात एकदाच असावी. प्रत्येक भेटीची व भरतीची नोंद दुसऱ्या तक्त्यात असावी. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे केसपेपर क्रमांक. खानदेशात पाटील, महाजन, चौधरी ही आडनावे विपुल आहेत. केवळ नावावरून रुग्ण ओळखणे धोक्याचे होय. वय न लिहिता जन्मवर्ष लिहावे, कारण वय दरवर्षी बदलते.

दुसरी पायरी फॉर्मची. कर्मचाऱ्यास तक्ता दिसूच नये. छापील केसपेपरच्याच क्रमाने मांडलेला फॉर्म दिसावा. तालुका टंकित करू न देता यादीतून निवडू द्यावा. जळगावचे १५ व धुळ्याचे ४ तालुके एका यादीत सहज मावतात. अन्यथा ‘मुक्ताईनगर’ व त्याचे जुने नाव ‘एदलाबाद’ अशा दोन नोंदी होऊन एकाच तालुक्याचे रुग्ण दोन ठिकाणी मोजले जातात. भरतीची तारीख उद्याची असू नये, तपासणीचा निकाल ठरावीक पर्यायांपैकीच असावा, असे नियम प्रणालीतच घालून द्यावेत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही व शोधताही येत नाही.

तिसरी पायरी शोध व अहवालाची. फाइल उघडताच मुख्य पडदा यावा व त्यावर मोजकीच बटणे असावीत: नवा रुग्ण, जुना रुग्ण शोधा, आजच्या खाटा, मासिक निर्धन रुग्ण अहवाल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणी झाल्यापासून ७२ तासांत रुग्णास कागदपत्रे द्यावी लागतात. शोध नेटका असेल तर हे काम काही क्षणांचे आहे.

चौथी पायरी सुरक्षिततेची. तक्ते एका फाइलमध्ये मुख्य संगणकावर ठेवावेत व फॉर्म दुसऱ्या फाइलमध्ये प्रत्येक टेबलावर. म्हणजे फॉर्म सुधारताना नोंदींना धक्का लागत नाही. लिहिताना वीज गेल्यास फाइल बिघडू शकते. म्हणून मुख्य संगणकास यूपीएस हवा आणि रोजची प्रत वेगळ्या ठिकाणी हवी. ती प्रत उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये मंजूर झाल्यापासून रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही. त्यामुळे फाइलला संकेतशब्द असणे अगत्याचे आहे.

ॲक्सेसच्या फाइलची मर्यादा २ गिगाबाइट आहे. क्ष-किरण चित्रे तिच्यात साठवू नयेत. लेखी नोंदींना ती दीर्घकाळ पुरते.

प्रणाली पूर्ण झाली की नाही, याची कसोटी सोपी आहे. संगणक नव्याने शिकलेल्या परिचारिकेने रात्रपाळीत, कोणासही न विचारता, जुन्या रुग्णाचा केसपेपर शोधून काढला, की फाइलची प्रणाली झाली असे समजावे.