मोजणीचा बाजार

नियतकालिकावर आयएसएसएन क्रमांक छापलेला असला की ते ‘मान्यताप्राप्त’, अशी समजूत आपल्या महाविद्यालयांत घट्ट रुजली आहे. वास्तविक हा क्रमांक म्हणजे निव्वळ ओळखपट्टी. आतला मजकूर जाणकाराने तपासला आहे की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही त्याला एवढे मोल आले ते सरकारी नियमामुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट घातली आणि २०१० मध्ये प्राध्यापकांची नेमणूक व बढती ‘एपीआय’ म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या गुणांशी जोडली. वशिल्याऐवजी काम दिसावे, हा हेतू चांगलाच होता. पण निबंध किती, हे कारकूनही मोजू शकतो. तो कसा आहे, हे कळायला वाचावा लागतो. नियमाने सोपी वाट धरली.

मागणी वाढली, तसे दुकानदारही आले. पैसे भरा, परीक्षणाशिवाय आठवड्याभरात छापून घ्या, असा हा धंदा. दोन अभ्यासकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अशा नियतकालिकांतील लेखांची जगभरातली संख्या २०१० मधील ५३ हजारांवरून २०१४ मध्ये ४ लाख २० हजारांवर गेली, आणि लेखकांपैकी सुमारे ३५ टक्के भारतीय होते. आयोगाने मग मान्य नियतकालिकांची यादी केली. संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तिच्यातील विद्यापीठांनी सुचवलेल्या भागातली १,००९ नियतकालिके तपासली, तेव्हा त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांवर उतरली नाहीत. २०१८ मध्ये ४,३०५ नावे वगळावी लागली. पुढे आयोगाचीच ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे आले. तर यादीतल्या नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब नकली संकेतस्थळे निघाली. कुंपण उंच झाले, तशी शिडीही उंच झाली.

दोष धोरणाचा नव्हे, लबाडांचा, असे कोणी म्हणेल. लबाडी आहेच. पण परीक्षणाला दीड-दोन वर्षे लागणार आणि बढतीची तारीख मात्र थांबणार नाही, अशा कात्रीत प्रामाणिक शिक्षकही सापडतो. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय तोकडे, तासांचा भार पूर्ण, अशा तालुक्याच्या महाविद्यालयालाही संशोधन संस्थेचीच फूटपट्टी लावली, तर निबंध विकत घेण्याची वाट नियमच दाखवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आकडे गेले की निवड समितीची मर्जी उरेल. ही भीती रास्त आहे. मात्र विकत घेतलेला आकडा मर्जीला आळा घालत नाही, तिला कागदोपत्री आधार देतो. त्यापेक्षा उमेदवाराने आपले मोजके उत्तम निबंध द्यावेत, बाहेरच्या तज्ज्ञांनी ते वाचावेत आणि लेखी मत नोंदवावे. मर्जीला धाक बसतो तो अशा नोंदीचा.

आयोगानेही काही पावले मागे घेतली. २०२२ च्या नियमांत पीएचडीपूर्व निबंधाची अट गेली, २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही बंद झाली. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आहे. त्यांनी आपापली नवी यादी केली, तर दुकानाची फक्त पाटी बदलेल. या बाजाराचे गिऱ्हाईक तुटेल ते निबंध मोजणारा माणूस तो वाचू लागेल तेव्हा. आणि वाचायला लागणारा वेळ, मानधन व माणसे पुरवणे, हे मात्र सरकारचेच काम आहे.