२९ फेब्रुवारीची टेस्ट आजच कशी घ्यायची? उत्तर आहे रुबीच्या 'कन्स्ट्रक्टर'मध्ये

२९ फेब्रुवारी २०२४. न्यूझीलंडमधल्या अनेक सेल्फ-सर्व्हिस पेट्रोल पंपांवर कार्डने पैसे भरताच येईनात. कित्येक तास वाहनचालकांचा खोळंबा झाला. कारण काय, तर पेमेंटच्या सॉफ्टवेअरला लीप वर्षातला तो जादा दिवस झेपला नाही.

मग चार वर्षांतून एकदा येणारी तारीख आधीच तपासून पाहता येत नाही का? येते. कशी, ते 'रुबी' या प्रोग्रामिंग भाषेच्या उदाहरणातून समजून घेऊया.

कन्स्ट्रक्टर म्हणजे नेमकं काय?

जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी तयार केलेली रुबी १९९५ मध्ये जगासमोर आली. या भाषेत 'क्लास' म्हणजे मोदकाचा साचा आणि 'ऑब्जेक्ट' म्हणजे त्यातून निघणारा मोदक. साचा एकच, पण आत कोणतं सारण भरायचं ते तुम्ही ठरवता. हे सारण म्हणजे 'आर्ग्युमेंट'.

क्लासला 'न्यू' म्हटलं की नवा ऑब्जेक्ट तयार होतो. 'न्यू'ला दिलेली माहिती थेट 'इनिशियलाइझ' या मेथडकडे जाते. हाच रुबीतला कन्स्ट्रक्टर.

गडबड कुठे होते?

समजा, एका वाचनालयाच्या ॲपमध्ये वार्षिक सदस्यत्वाचा क्लास आहे. तो आजची तारीख स्वतःच कॉम्प्युटरला विचारतो. मग वर्षात १ मिळवतो, महिना आणि दिवस तेच ठेवतो आणि मुदत संपण्याची तारीख काढतो.

कोडचा असा एकेक छोटा भाग वेगळा काढून तपासणं म्हणजे 'युनिट टेस्ट'. ही टेस्ट एरवी कधीही चालवा, पास होईल. पण २९ फेब्रुवारी २०२४ रोजी कुणी सदस्य झालं तर? कोड २९ फेब्रुवारी २०२५ ही तारीख बनवायला जातो. ती तारीख कॅलेंडरमध्येच नाही! रुबी 'इनव्हॅलिड डेट' असा एरर देते आणि सदस्य काउंटरवर ताटकळतो.

टेस्टला ही चूक आधी सापडत नाही, कारण तारीख टेस्टच्या हातातच नसते.

उपाय काय?

तारीख क्लासच्या आत शोधण्याऐवजी कन्स्ट्रक्टरला बाहेरून द्यायची. टेस्टमध्ये ऑब्जेक्ट बनवताना '२९ फेब्रुवारी २०२४' हे आर्ग्युमेंट दिलं की आज कोणतीही तारीख असो, चूक लगेच उघडी पडते. मग वर्षात नुसता १ मिळवण्याऐवजी रुबीची 'नेक्स्ट इयर' ही तयार मेथड वापरायची. ती २८ फेब्रुवारी २०२५ असं योग्य उत्तर देते.

प्रत्यक्ष ॲपमध्ये दरवेळी तारीख द्यायची का? गरज नाही. आर्ग्युमेंटला 'डिफॉल्ट' म्हणून आजची तारीख ठेवता येते. कुणी काही दिलं नाही, तर तीच वापरली जाते. क्लासला लागणारी गोष्ट अशी बाहेरून पुरवण्याच्या पद्धतीला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे.

नवशिक्यांनी काय लक्षात ठेवावं?

- डिफॉल्ट नसलेलं आर्ग्युमेंट द्यायला विसरलात, तर रुबी 'आर्ग्युमेंट एरर' दाखवते. किती हवी होती आणि किती मिळाली, हेही त्यात लिहिलेलं असतं.
- आर्ग्युमेंट्स जास्त असतील तर त्यांना नावं द्या. रुबीत याला 'कीवर्ड आर्ग्युमेंट' म्हणतात. क्रम चुकण्याची भीती राहत नाही.
- आर्ग्युमेंट तपासायच्या क्लासला द्या, टेस्टच्या क्लासला नाही. 'मिनिटेस्ट'सारखं टूल टेस्टचा ऑब्जेक्ट स्वतःच बनवतं. प्रत्येक टेस्टआधीची तयारी 'सेटअप' मेथडमध्ये करा.

पुढचा २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये येईल. त्याची टेस्ट मात्र आजच घेता येते. त्यासाठी कन्स्ट्रक्टरमध्ये तारखेला जागा ठेवली की पुरे.