सीडी वाचतो, पण लिहीत का नाही?

शाळेतल्या जुन्या लॅपटॉपमध्ये हा प्रकार हटकून दिसतो. सीडीवरची गाणी वाजतात, फायली उघडतात. पण कोरी सीडी घालून ती राइट करू म्हटले, की थोडी घरघर होते आणि पडद्यावर चूक झाल्याचा संदेश येतो. ड्राइव्ह बिघडला असता तर वाचणेही बंद पडायला हवे होते ना?

तसे नाही. ढगाळ दिवशी भिंगातून अक्षरे वाचता येतात, पण त्याच भिंगाने कागद जाळता येत नाही. इथेही तसेच आहे. वाचताना लेसर किरण फक्त परावर्तित होऊन परत यायचा असतो. लिहिताना मात्र सीडीतल्या रंगद्रव्याचा थर तापवून कायमचा बदलावा लागतो, आणि त्याला कितीतरी पट अधिक शक्ती लागते. डायोड म्हातारा झाला किंवा भिंगावर धूळ बसली, की आधी लिहिणे थांबते.

सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर असतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा. म्हणून दोन्ही प्रकारच्या कोऱ्या तबकड्या घालून पाहाव्यात. एकच प्रकार लिहिला जात नसेल तर त्या डायोडवर संशय घ्यावा. दोन्ही अडत असतील तर भिंग किंवा सॉफ्टवेअर तपासावे.

त्याआधी सोपा उपाय म्हणजे वेग कमी करणे. २४ पटीऐवजी ८ पटीने लिहिले, तर प्रत्येक बिंदूवर किरण तिप्पट वेळ थांबतो आणि कमी शक्तीत भागते. दुसऱ्या कंपनीची तबकडीही वापरून पाहावी. लिहिण्यापूर्वी ड्राइव्ह तबकडीच्या आतल्या कडेला शक्तीची चाचणी घेतो आणि काही तबकड्यांवर ती जुळतच नाही.

लॅपटॉपच्या ड्राइव्हचे भिंग बाहेर येणाऱ्या कप्प्यावरच असते. लॅपटॉप बंद करून पुढच्या बारीक छिद्रात पिन सारली की कप्पा सुटतो. रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग कोरड्या कापसाच्या काडीने अलगद पुसावे. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. भिंग नाजूक तारांवर तोललेले असते, तेव्हा दाबू नये. लेसरची शक्ती वाढवायला आतला स्क्रू फिरवण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नये. डायोड लवकर जळतो.

ड्राइव्ह वाचतो आहे तोवर जुन्या तबकड्यांवरचा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा. सुरुवात घरी किंवा शाळेत राइट केलेल्यांपासून करावी, कारण त्यांतले रंगद्रव्य काळानुसार फिके पडते. बाजारातून आणलेल्या छापील सीडीत खळगे प्लास्टिकमध्येच उठवलेले असतात, त्या थांबू शकतात.