वस्तऱ्याची धार कशी राखावी?

साताऱ्यात नाभिक होते, द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्यांचे केस कापायला कोणी तयार नव्हते. भावंडांचे केस थोरली बहीणच कापी, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहिले आहे. म्हणून हे हत्यार आपल्या हाती असावे, असे आम्हांस वाटते. आणि हत्यार आले की त्याची निगाही आलीच.

दगडावर धार निघते. चामडी पट्ट्यावर ती फक्त सरळ होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. पट्ट्याचे एक टोक खुंटीला अडकवून दुसरे ताणून धरावे. पात्याची पाठ व धार दोन्ही पट्ट्याला टेकवावीत आणि पाठ पुढे, धार मागे ठेवून हलक्या हाताने पाते ओढावे. टोकाशी ते पाठीवर उलटवावे. धारेवर उलटवल्यास पट्टाही चिरतो आणि धारही जाते. दाढीपूर्वी २०-३० फेऱ्या पुरेत. पट्टा सैल असला किंवा हात जड पडला, तर धार बोथट होते.

धामापूरच्या दमट पावसाळी हवेत पाते लवकर गंजते. म्हणून वापरानंतर ते कोरडे पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. वस्तरा व पट्टा ज्याचा त्यानेच वापरावा. रक्ताच्या थेंबातूनही काविळीचे व एड्सचे विषाणू पसरू शकतात.