गेम खेळून गणित येतं का?

'शाळेतून आल्यावर मोबाइलवर गणिताचा गेम लावून देते, तेवढंच डोकं चालतं' म्हणणारे पालक आणि 'मोबाइल हातात दिला की डोकं बंद' म्हणणारे पालक एकाच सोसायटीत असतात, पुष्कळदा एकाच घरात. भांडण कितीही झालं तरी मूळ समज दोघांचा एकच: जे काही भलंबुरं होतं ते पडदा करतो. हा समज आधी तपासू, कारण त्याची पद्धतशीर मोजणी झालेली आहे आणि तीही शेजारच्या गुजरातेत.

२००० साली गुजरात सरकारने वडोदऱ्यातल्या पालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. पुढे काय झालं असेल हे सांगायला आपल्याला संशोधक लागत नाही. दोन वर्षांनी 'प्रथम' या संस्थेने पाहणी केली, तेव्हा लहान वर्गातली मुलं त्या संगणकांना क्वचितच हात लावत होती. मग 'प्रथम'ने चौथीच्या मुलांसाठी एक उपक्रम सुरू केला. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं जण आणि गणिताचे खेळ. उदाहरण सुटलं की पुढचं जरा अवघड, अडलं की जरा सोपं. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी या उपक्रमाचं मोजमाप करून २००७ साली ते प्रसिद्ध केलं. (यांतल्या बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) दुसऱ्या वर्षाअखेर गणितातली वाढ प्रमाण विचलनाच्या ०.४७ इतकी निघाली. साध्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत पन्नासाव्या जागी असलेलं मूल अडुसष्टाव्या जागेच्या आसपास पोचलं. दोन तासांच्या मानाने हे घसघशीत आहे.

जाहिरातवाले इथेच थांबतात. आपण पुढचं वाचू. भाषेच्या गुणांत काही फरक पडला नाही. म्हणजे गणिताचा खेळ खेळून 'एकूण बुद्धी' वाढते वगैरे काही दिसलं नाही. जे खेळलं तेच सुधारलं. आणि उपक्रम संपल्यावर वर्षभराने ती वाढ ०.१ च्या आसपास उरली. पाढे म्हणायचे सोडले की काय होतं, हे ज्यांनी बे ते तीस पाठ केले होते त्यांना ठाऊकच आहे.

लिंडन यांनी पुढे गुजरातमध्येच, 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांत अजून एक गोष्ट तपासली. तिथे बाईंच्या शिकवण्याच्या वेळातून वेळ काढून मुलांना संगणकावर बसवलं, तेव्हा मुलं नेहमीपेक्षा कमी शिकली. तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर, वरचा म्हणून दिला तेव्हा फायदा झाला. आणि पेरूमध्ये ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांची पाहणी झाली, त्यात काही शाळांतल्या मुलांना हातात लॅपटॉप दिलेले होते. गणितात आणि भाषेत त्यांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. यंत्र तेच, कुणाच्या जागी आणलं, त्यावर पोरं काय करतात आणि ते त्यांच्या पातळीचं आहे का, यावर सगळं ठरलं.

'किती वेळ?' हा प्रश्न मात्र आपल्याला सोपा वाटतो, म्हणून आपण तोच विचारतो. 'जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला एकच तास सांगितलाय' हे वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. तो तास संघटनेच्या २०१९च्या सूचनांमधला आहे आणि तो दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी २०२०च्या सूचना आहेत. त्या बसल्या जागी पडद्यावर करमणुकीत जाणारा वेळ मर्यादित ठेवा म्हणतात, तासांचा आकडा देत नाहीत. म्हणून कितीही वेळ चालेल असा अर्थ काढू नये. पण अर्धा तास नुसतं बघत बसणं आणि अर्धा तास डोकं खाजवत बसणं एका मापाने मोजता येत नाही.

यातूनच येतो माझ्या मते सगळ्यांत चिवट गैरसमज: व्हिडिओ छान होता, मुलाला कळला, म्हणजे ते शिकलं.

डेरेक म्युलर हे आज विज्ञानाच्या व्हिडिओंसाठी जगभर ओळखले जातात. त्याआधी सिडनी विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली ती याच प्रश्नावर. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वेगवेगळ्या धाटणीचे व्हिडिओ दाखवले. सुबक, सरळ समजावून सांगणारा व्हिडिओ पाहिलेले म्हणाले, छान आहे, स्पष्ट आहे. चाचणीत त्यांची प्रगती जेमतेम. ज्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत बोलून दाखवली आणि मग ती खोडून काढली, तो लोकांना जरा गोंधळात टाकणारा वाटला. पण शिकले ते तो पाहणारेच. कारण डोक्यात आधीच एक उत्तर बसलेलं असेल, तर व्हिडिओतलं उत्तर आपल्याला माहीत होतं तेच आहे असं वाटून जातं. ते विद्यार्थी मोठे होते हे खरं. पण चौथीतल्या मुलाच्या डोक्यात आधीची उत्तरं काही कमी नसतात.

ऋतूंचंच घ्या. उन्हाळा का होतो असं विचारा. 'पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून', हे उत्तर मुलं देतात आणि शेजारी बसलेले बाबाही मान डोलावतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. त्या वेळी आपण स्वेटर शोधत असतो. सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर, असते ती जुलैच्या सुरुवातीला. तरीही मूल अडून बसलं, तर त्याला डिसेंबरातल्या मेलबर्नच्या कसोटीचे क्षण दाखवा, प्रेक्षक उन्हात टोप्या घालून बसलेले. पृथ्वी जवळ आल्यामुळे उन्हाळा होत असता, तर दोन्हीकडे एकदमच व्हायला हवा होता. मुलाला हे सांगू नका, त्यालाच बोलू द्या.

पुढचा भाग अंगणात किंवा गच्चीवर. उन्हाळ्याचं खरं कारण पृथ्वीच्या कललेल्या आसात आहे. त्यामुळे सूर्य काही महिने आपल्या डोक्यावर चढत येतो आणि दिवस मोठा होतो. महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, म्हणून इथल्या प्रत्येक गावात वर्षातून दोन दिवस सूर्य भर मध्यान्ही बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हाच शून्य सावली दिवस. सावंतवाडीकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबईत मेच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या जरा पुढे आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात सुमारे बारा वाजून दहा मिनिटांनी. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, पण तो बहुधा ढगांतच जातो. आपल्या गावची तारीख ऑनलाइन शोधायची, 'स्टेलॅरियम' या मोफत तारांगणात ती तारीख टाकून सूर्य कुठे जातो ते आधी बघायचं आणि मग पाण्याची बाटली उन्हात उभी करून सावलीभोवती दर पाच मिनिटांनी खडूने रेघ मारायची. मुंबईच्या मुलीने त्याच वेळी नागपूरच्या मावसभावाला व्हिडिओ कॉल केला, तर त्याच्या बाटलीला अजून सावली असते. का असते, हा वाद दोघं आपसात घालतील. (नागपूरच्या मे महिन्यात पोरांना भर दुपारी गच्चीवर नेणाऱ्यांनी टोपी आणि पाणी विसरू नये, एवढंच.)

'पडद्यावरचा खोटा प्रयोग काय कामाचा, खरा करा', हा आक्षेप जाणत्या शिक्षकांकडून येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात विजेची मंडलं जोडायचा एक खेळ आहे. सेल, बल्ब, वायर ओढून आणायच्या आणि जोडायच्या. बल्ब लागला की वायरीतून सरकणारे इलेक्ट्रॉन ठिपक्यांसारखे दिसतात. सेलची दोन्ही टोकं नुसत्या वायरीने जोडली की पडद्यावर ज्वाळा उठतात. हे पोरांना फार आवडतं आणि आवडू द्यावं. घरातल्या प्लगवर हाच प्रयोग करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात तर आधी या खेळावर सराव केलेल्यांनी खरी मंडलंही इतरांपेक्षा चांगली जोडली. पण खेळातला सेल गंजत नाही, वायर सैल होत नाही. खऱ्या टॉर्चमध्ये बल्ब लागत नाही तेव्हा दोष कुठे आहे हे शोधणं, हे वेगळंच शिक्षण आहे आणि ते पडद्यावर मिळत नाही. दोन्ही हवं.

खेळांतलं घड्याळ आणि बक्षीस म्हणून मिळणारी नाणी यांबद्दल थोडक्यात. 'फटाफट उत्तर देतो म्हणजे गणितात हुशार' असं गणिताची कितीतरी अॅप टिकटिकणारं घड्याळ लावून शिकवत असतात. २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणाऱ्या मरियम मिर्झाखानी स्वतःला संथ विचार करणारी म्हणवत. पाढ्यांच्या सरावाला घड्याळ असायला हरकत नाही, पाढे झटकन आठवायलाच हवेत. नवा विषय समजून घेताना मात्र ते बंद करून टाकावं. बक्षिसांचंही तसंच. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी ज्या बालवाडीच्या मुलांना चित्र काढायची मुळातच हौस होती, त्यांतल्या काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देऊ असं आधीच सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. ज्या खेळात नाणी काढून टाकली की काहीच उरत नाही, तो गणिताचा खेळ नव्हेच.

'सहाव्या वर्षी कोडिंग शिकला की मागे वळून बघायला नको' या जाहिरातींनी २०२० साली इतकं डोकं उठवलं होतं की जाहिरात मानक परिषदेला त्यांतल्या काही मागे घ्यायला लावाव्या लागल्या. कोडिंग शिकल्याने एकूण विचारशक्ती आपोआप वाढते ही आशा जुनीच. 'लोगो' या मुलांच्या भाषेवर पी आणि कर्लंड यांनी १९८४ साली ती तपासली, तेव्हा मुलांच्या इतर कामांच्या नियोजनात फरक दिसला नव्हता. एमआयटीमध्ये तयार होऊन २००७ साली आलेलं मोफत 'स्क्रॅच' आठ वर्षांपुढच्या मुलांना जरूर द्यावं, स्वतःचा खेळ बनवायची मजा म्हणून.

राहिला शेवटचा समज: हे सगळं इंग्रजीत आणि पैसेवाल्यांसाठी. 'फेट'मधले पुष्कळ खेळ मराठीत आहेत, सगळे मोफत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. दशक-एककात गडबडणाऱ्या दुसरीच्या मुलाला त्यातला दहा-दहाचे गट करायचा खेळ द्या. २७चा पत्ता ओढला की वीस आणि सात सुटे होतात, एकावर एक ठेवले की पुन्हा २७. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून करायची विज्ञानखेळणी आणि शेकडो पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, त्यांत मराठीही भरपूर. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन मोफत आहेत. छापील पुस्तकांतले क्यूआर कोड २०१७ साली आलेल्या 'दीक्षा' अॅपने उघडतात. त्यामागे बरेचदा नुसता व्हिडिओ निघतो, तेव्हा तो मध्येच थांबवून 'आता पुढे काय होईल?' असं विचारायचं काम घरच्यांनाच करावं लागतं.