‘कुटुंब’ म्हणजे कोण? सॉफ्टवेअर बाहेरून करून घेताना

तत्त्वज्ञानाच्या माणसाचा वेब ॲप्लिकेशनशी काय संबंध, असे काहींना वाटले असेल. प्रोग्रॅम लिहिणे हे माझे काम नाही. पण दुसऱ्याकडून तो लिहून घ्यायचा तर आपल्याला काय पाहिजे ते आधी शब्दांत सांगावे लागते, आणि शब्दाचा नेमका अर्थ ठरवणे हा आमचा जुनाच धंदा आहे. पतसंस्था असो, शाळा असो, दूधसंस्था असो, जो तो आज पुण्या-हैदराबादच्या कंपनीला काम देतो. तिथल्या मुलाने भूम पाहिलेले नसते. त्याच्या हातात फक्त आपला कागद असतो. त्या कागदाला स्पेसिफिकेशन म्हणतात.

आता एक उदाहरण घेऊ, आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत पोचलेले. 2017 साली राज्याने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, अर्ज ऑनलाइन. हा लाभ खात्याला नव्हता, कुटुंबाला होता. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि 18 वर्षांखालची मुले. व्याख्या कागदावर स्वच्छ होती. (खेड्यात ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको, हा भाग वेगळा.) मग अडले कुठे?

बघा, बँकेच्या वहीत कुटुंब नावाची वस्तूच नसते. तिथे असते खाते. नवऱ्याचे कर्ज जिल्हा बँकेत, बायकोचे दुसऱ्या बँकेत. ही दोन खाती एका घराची आहेत हे बँकांच्या वह्यांना ठाऊक नाही. म्हणजे शेतकऱ्यांच्या अर्जांतून घरे जुळवायची आणि ती बँकांच्या रकान्यांशी पुन्हा ताडून पाहायची, हे काम संगणकाच्या गळ्यात पडले. 18 ऑक्टोबर 2017 ला, ऐन दिवाळीत, काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे दिली गेली. त्यानंतर याद्या बँकांकडे गेल्या तेव्हा एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे, एकच खाते अनेकांच्या नावावर, असले प्रकार दिसू लागले. पैसे अडकले, याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. प्रमाणपत्र घरात, कर्ज बँकेत तसेच. नव्या कर्जासाठी गेलेल्या माणसाला हे काय समजावणार?

आमच्या न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगतात आणि उदाहरण गाईचे घेतात. ‘शिंगे असते ती गाय’ म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस असते ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘अखंड खुराची ती गाय’ म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. विद्यार्थ्यांना हे परीक्षेपुरते वाटते. पण स्पेसिफिकेशनमधल्या प्रत्येक नामाला हे तीन प्रश्न विचारून पाहा: नको ते कोण आत येते, हवे ते कोण बाहेर राहते, आणि अशी वस्तू आपल्या दप्तरात आहे तरी का? 2017 ला पहिल्या दोन प्रश्नांचा विचार झालेला दिसतो. गाडी तिसऱ्यावर अडली. व्याख्या बरोबर, पण दप्तरात तशी वस्तू नाही.

डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. मर्यादा दोन लाख, आणि निकष कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी. अर्ज नाही, बँकेने यादी द्यायची, शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधार पटवायचे, समोर दिसणारी रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचे. मान्य नसेल तर तक्रार जिल्हा समितीकडे. मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. पहिली यादी 24 फेब्रुवारी 2020 ला निघाली ती फक्त 68 गावांची, जिल्ह्यामागे दोन. सगळ्या राज्याआधी 68 गावे!

‘संगणकाला सोपे म्हणून निकष बदलायचा काय?’ असे कुणी विचारील. रास्त शंका आहे. एका घरात दोन माफ्या जाव्यात की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि तो मंत्रिमंडळानेच सोडवावा. पण उत्तराची किंमत निर्णयाआधी कळली पाहिजे. ती कळवण्याचे साधन म्हणजे प्रोटोटाइप.

प्रोटोटाइपला बाऊ करू नका, तो कागदावर होतो. समजा, भूमच्या खवा भट्ट्यांसाठी ॲप करायचे आहे. मोबाइलचा एकेक पडदा एकेका कागदावर काढा. भट्टीवाल्याला समोर बसवा आणि म्हणा, आजच्या खव्याची नोंद करा. तो बोटाने दाबील, तुम्ही पुढचा कागद ठेवा. मध्ये बोलायचे नाही, समजावायचे तर मुळीच नाही. ‘वजन’ या रकान्याशी तो थांबेल: भट्टीवरून उतरल्यावरचे की निवल्यावरचे? दोन्हींत फरक पडतो. ‘भाव’ आजचा लिहायचा की हिशेबाच्या दिवशीचा? आणि व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल कुठे मांडायची? हैदराबादच्या मुलाला उचल हा शब्दच माहीत नाही, म्हणून तो रकाना नाही. हे कागदावर कळले तर खोडरबर लागते. ॲप तयार झाल्यावर कळले तर कंपनी म्हणते, हे करारात नव्हते, वेगळे पैसे पडतील. आणि करारात ते खरेच नसते.

एक धोका मात्र आहे. कागदाऐवजी चकचकीत पडदे करून दाखवले की संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, झालेच की! झालेले काही नसते. सिनेमाच्या सेटसारखा नुसता दर्शनी भाग असतो. कागद ओबडधोबड असलेला बरा, लोक बिनधास्त चुका काढतात.

या बैठकीतून निघालेली दहा-पंधरा उदाहरणे उत्तरांसह स्पेसिफिकेशनला जोडा. ‘उचल दहा हजार, खव्याचे बिल आठ हजार: हातात काही नाही, दोन हजार पुढे ओढायचे.’ असे. ही उत्तरे बरोबर आली तरच काम पुरे झाले, असे करारात लिहा आणि शेवटचा हप्ता त्याला बांधा. माहिती कुणाच्या मालकीची, मूळ कोड कुणाचा, हे वकिलाला विचारून घ्या. मी त्यात पडत नाही.

इतके करूनही कंपनीचे फोन येतच राहतील. उत्तर देणारा माणूस संस्थेने एकच नेमावा, त्याला भट्टीवरचे काम माहीत असावे, आणि त्याने दोन दिवसांत उत्तर द्यावे. नाही दिले तर तो मुलगा स्वतःच ठरवतो. त्याला महिनाअखेर काम द्यायचे असते. आणि त्या माणसाला ‘हे अजून आमचे ठरलेले नाही’ असे म्हणण्याचीही मुभा द्या. तोवर तो रकाना पडद्यावर येणार नाही, एवढेच.